बारा मिनिटांत क्रीमी ओटमील

२ नोव्हेंबर, रविवार

उद्यापासून सकाळचा नाश्ता माझ्याकडे. हिचं उजवं मनगट मोडलं. काल ऑफिसच्या जिन्यावर पाय घसरला. सहा आठवडे प्लास्टर. जिना उतरताना फोनवर बोलू नये, हे मी चार वर्षं सांगतोय. पण या घरात माझं ऐकतं कोण.

नाश्ता म्हणजे ओट्स. सासऱ्यांसाठी. त्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, तेव्हापासून मुक्काम आमच्याकडे. डॉक्टरीणबाईंचा हुकूम: मऊ, सायीसारखं, एकजीव. गुठळी चालणार नाही, घशात अडकते. सकाळचे ओट्स हेच मुख्य खाणं. बाकी दिवसभर डब्यातून पातळ सूप येतं. वजन अठ्ठेचाळीस किलो. पंचेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी.

ओट्स कसे करायचे हे ही मला पंधरा मिनिटं समजावत होती. मी तिसऱ्या मिनिटाला ऐकणं बंद केलं. पाणी, ओट्स, दूध, गॅस. यात समजावण्यासारखं काय आहे? पंप कंपनीच्या स्टोअरमध्ये मी अकरा हजार सुटे भाग सांभाळतो. माझ्या सहीशिवाय तिथे वॉशर हलत नाही.

मोठ्या मेव्हणीचा फोन. म्हणाली, बाबांना माझ्याकडे पाठवून द्या, तुमच्याने व्हायचं नाही. म्हटलं, बघाच.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

दूध उतू गेलं. पातेलं लहान होतं. या घरात योग्य मापाची भांडी नाहीत, हे आजच लक्षात आलं.

७.३०

तयार. थोडं घट्ट. चमचा उभा राहतो. म्हणजे पौष्टिक आहे.

सासरे पातेल्यात डोकावले. ऑपरेशनपासून त्यांचा आवाज म्हणजे नुसती खरखर. म्हणाले, आच बारीक ठेवा आणि ढवळताना हात थांबवू नका. सासरे म्हणजे आयुष्यभर बुक बाइंडर. चाळीस वर्षं पुठ्ठे कापले आणि खळ शिजवली. म्हटलं, बाबा, आपल्याला वह्या चिकटवायच्या नाहीत, खायचं आहे. ते हसले. अशा माणसांना हसण्यापलीकडे काही येत नाही.

तीन चमचे खाल्ले. मग खोकला. अर्धा तास.

पेशंट नाटकी आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज गुठळ्या. दोष ओट्सचा. पाकिटावर बाई हसतेय, याचा अर्थ तिने आतला माल पाहिलेला नाही. नवं पाकीट आणलं. दुकानदाराला विचारलं, क्रीमी होतील ना? म्हणाला, करणाऱ्यावर आहे. माल विकायचा आणि जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलायची. आमच्याकडे असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

५ नोव्हेंबर, बुधवार

निश्चय: आजपासून शास्त्रीय पद्धत. स्टोअरमधून स्टॉपवॉच आणलं. डिजिटल वजनकाटा काढला. कागदावर पायऱ्या लिहिल्या. ओट्स चाळीस ग्रॅम. दूध दोनशे. आच मोठी, कारण वेळ वाचतो. झाकण ठेवा. ढवळण्याची गरज नाही, उकळी स्वतःच ढवळते. एकूण बारा मिनिटं.

ही म्हणाली, मला पंचवीस लागतात. लागणारच. बायका कामात गप्पा मारतात. ती सकाळी कोणाशी गप्पा मारते असं तिने विचारलं. मी वादात पडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यश!!

सासरे म्हणाले, मी गॅलरीत बसून खातो, तिथे ऊन बरं वाटतं. वाटी नेली. दहा मिनिटांत परत आणली, तर चाटूनपुसून लख्ख. खोकला नाही, तक्रार नाही. पद्धत बदलली की माणूस कसा सुतासारखा सरळ येतो.

रिकाम्या वाटीचा फोटो मेव्हणीला पाठवला. सोबत एक शब्द: 'बघितलंत?'

हिने स्वतःसाठी ब्रेड काढला. तिला ओट्स आवडत नाहीत म्हणे. गेल्या आठवड्यापर्यंत आवडत होते. मी स्वतः ऑफिसच्या कँटीनमध्ये खातो. डॉक्टर काय स्वतः औषध घेऊन बघतो?

८ नोव्हेंबर, शनिवार

सलग तिसरी रिकामी वाटी.

तळमजल्यावरच्या मास्तरांचं कुत्रं हल्ली सकाळी सव्वासातला आमच्या गॅलरीखाली येऊन बसतं आणि वर बघत शेपूट हलवतं. मास्तर पूर्वी गणित शिकवायचे, आता कुत्र्याला शिस्त लावता येत नाही. जाड पण झालंय. आजकाल लोक जनावरांना काय खायला घालतील सांगता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणी तपासणीला आली. सोबत साडू. साडू काही बोलत नाही, त्याला त्याच कामासाठी आणतात.

मेव्हणी थेट ओट्यापाशी गेली. पातेल्याच्या बुडाला जे लागलं होतं ते चमच्याने खरवडून बघितलं. चमचा वाकला. म्हणाली, भिंतीला लावायला बरं आहे. म्हटलं, पातेलं बघू नका, वाटी बघा. वाटी रिकामी आहे.

मग सासऱ्यांसमोर बसून तिने भाषण केलं. तुम्ही वाळलात, गालफडं बसली, चला माझ्याकडे. तिच्याकडे गेलं की दिवसभर हेच ऐकायचं. सासरे म्हणाले, इथे बरं चाललंय. जावई सकाळी उठून करतात.

बस! सगळ्यांसमोर! साडूने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत असूया होती. आयुष्यात त्याने गॅस पेटवला नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुधारणा करून पाहिली. गुठळ्या राहतात (सासरे काही म्हणत नाहीत, पण दिसतात), तर शिजवलेले गरम ओट्स सरळ मिक्सरमध्ये घातले. बटण दाबलं. झाकण उडालं.

छतावर डाग. पंख्यावर डाग. माझ्या चष्म्यावर डाग. हिने दारातून बघितलं आणि डाव्या हाताने दार लावून घेतलं. संशोधनाला घरातून पाठिंबा नसला की असं होतं.

मिक्सर बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पत्र लिहिलं नाही. त्याहून महत्त्वाचं काम केलं. माझ्या पद्धतीचा कागद टाइप करून घेतला. शीर्षक: 'बारा मिनिटांत क्रीमी ओटमील: घशाच्या पेशंटसाठी शास्त्रीय पद्धत'. खाली माझं नाव, हुद्दा. लॅमिनेट केला. ऑफिसमध्ये क्लार्कला दाखवला. म्हणाला, साहेब, फार छान, अक्षर मोठं आहे. त्याला अक्षरापलीकडे काही दिसत नाही, म्हणून तो अजून क्लार्क आहे.

शनिवारी तपासणी. कागद डॉक्टरीणबाईंना भेट देणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दवाखाना. आधी कागद दिला. बाई बिझी होत्या, वा वा म्हणून टेबलावर ठेवला. मग वजन.

पंचेचाळीस किलो नऊशे ग्रॅम.

बाई दोनदा बघून म्हणाल्या, दोन आठवड्यांत दोन किलो गेले, हे नीट खातात का? मी म्हटलं, रोज वाटीभर, साक्षीदार आहेत. बाईंनी सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, खातो. बाई म्हणाल्या, पुढच्या तपासणीला आणखी उतरलं तर मी थांबणार नाही, नळी घालावीच लागेल. एकोणतीस तारीख.

माझ्या मते काटा बिघडलाय. सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं नाही.

गाडीत ही खिडकीबाहेर बघत होती. सासरे तिच्या प्लास्टरवर हात ठेवून बसले होते. अठ्ठेचाळीसातून दोन गेले की राहतात किती, हे मी मनात तीन वेळा मोजलं. काटाच बिघडलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्टोअरमधून काल दहा-दहा किलोची प्रमाणित वजनं आणली होती. त्यांवर घरचा उभं राहायचा काटा तपासला. अचूक. मग सासऱ्यांना उभं केलं.

पंचेचाळीस किलो नऊशे ग्रॅम.

दोन्ही काटे एकाच कारखान्यातले असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.४०

ऐन वेळी ऑफिसचा फोन. व्हॉल्व्हच्या पेट्या अदलाबदल. त्या गाढवांना समजावेपर्यंत इकडे करपलं. पद्धतीचा दोष नाही. वरचं वर काढून वाटीत घातलं, वास झाकायला मध. सासऱ्यांनी वाटी गॅलरीत नेली. रिकामी आणली.

८.०५

मास्तर वर आले. हातात जुना पेपर, पेपरवर एक तपकिरी गोळा. म्हणाले, तुमच्याकडून रोज खाली येतं ते आमचं कुत्रं खातं, आमची काही तक्रार नव्हती. पण आज त्याने वास घेतला आणि निघून गेलं. तेव्हा हे अंगणातून कोणी उचलायचं?

मी म्हटलं, हे आमचं नाहीच. आमच्याकडचं रोज संपतं.

मास्तर सासऱ्यांकडे बघायला लागले. ही पण. सासरे गॅलरीच्या दारात उभे होते, हातात चमचा.

संध्याकाळी

सकाळचं पुढचं लिहायचं राहिलं. ऑफिसला गेलो नाही.

ही म्हणाली, बाबा, बारा दिवस? सासरे म्हणाले, सांगितलं असतं तर तू त्या हाताने करायला उठली असतीस. म्हणाले, आणि हे सकाळी साडेसहाला उठतात, मन लावून करतात, त्यांना कसं सांगायचं. दूध पीत होतो की मी. हिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एका हाताने तिला ना नाक पुसता येईना ना चष्मा काढता येईना. मी रुमाल दिला. घेतला नाही.

मग म्हणाली, अहो, तुम्ही एकदा तरी चाखून बघितलंत का?

मी डॉक्टर आणि औषधाचा दाखला द्यायला लागलो. तिने पातेल्यातला एक चमचा भरून माझ्यासमोर धरला. खाल्लं.

चव: नोंद नाही.

अकरा वाट्या. माझ्या अकरा वाट्या कुत्र्याने खाल्ल्या. आणि बाराव्या वाटीला त्याने नकार दिला. परक्या माणसाने फसवलं तर समजू शकतो. पण स्वतःच्या सासऱ्यांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सासऱ्यांनी आज न विचारता ओट्याचा ताबा घेतला. स्टूल ओढून बसले. मी म्हटलं, पेशंटने आराम करायचा असतो. ऐकू न आल्यासारखं केलं. घसा गेलाय, कान नाही.

निरीक्षणं: ओट्स थंड पाण्यात घातले. मग गॅस. आच इतकी बारीक की दिसेना. चिमूटभर मीठ. लाकडी चमचा बुडाला टेकवून गोल, मग आडवा, मग गोल. दूध एकदम नाही, घोटघोट. मध्येच फोन वाजला, त्यांनी मान पण वळवली नाही. पातळ दिसत असतानाच गॅस बंद केला आणि झाकून ठेवलं. मी म्हटलं, कच्चं राहिलं. म्हणाले, झाकल्यावर आळतं. खळीचं असंच.

एकूण वेळ सव्वीस मिनिटं. माझ्यापेक्षा दुपटीहून जास्त. कार्यक्षमता शून्य.

सासऱ्यांनी पूर्ण वाटी खाल्ली. टेबलावर बसून, सगळ्यांसमोर. खोकला नाही. हिने पण खाल्लं. मी तपासणीसाठी एक चमचा घेतला. मग तीन. तपासणी एका नमुन्यावर होत नसते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वजन सेहेचाळीस किलो चारशे. घरच्या काट्यावर. काटा उत्तम आहे.

या घरात ओट्सची घडी मी बसवली हे कोणी लक्षात घेत नाही. सासरे फक्त ढवळतात. मोजून देतो मी. पाकीट उघडतो मी. वेळ घेतो मी. देखरेखीशिवाय कुठलाही कारागीर चालत नाही. हे हिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'मध्ये काय काय असतं ते तीस वर्षांत शिकलोय.

मेव्हणीला कोणीतरी सगळं सांगितलं. तिने कुत्र्याचा फोटो पाठवला. सोबत एक शब्द: 'बघितलंत?'

नंबर ब्लॉक करण्याचा विचार. साडूचा पण.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तपासणी. सत्तेचाळीस किलो सहाशे. नळी टळली.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. इतक्या आनंदाने उठतील असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, कोण करतं यांचं? सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खरखरत म्हणाले, जावई. मी मान डोलावली. खोटं बोललो नाही. मान डोलावणं म्हणजे बोलणं नाही.

बाई म्हणाल्या, मग थांबा, एकाला तुमची मदत हवी आहे. त्यांनी बाहेरून एक माणूस आत बोलावला. बस ड्रायव्हर. ड्यूटीवरून आलेला, अंगावर युनिफॉर्म. त्याच्या आईचं तेच ऑपरेशन. हातात माझा कागद. बाईंनी टेबलावरचा उचलून त्यालाच दिला होता. कोपरे दुमडलेले, वर दुधाचे थेंब.

म्हणाला, साहेब, बारा दिवस अगदी यात लिहिलंय तसंच करतोय. बारा मिनिटं घड्याळ लावून. पण गुठळ्याच होतात. आईला ठसका लागतो. आता ती चमचा बघितला की तोंड मिटून घेते. माझं काय चुकतंय?

खिशातून छोटी वही काढली. पेनाचं टोपण उघडलं. माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी म्हणणार होतो की पातेलं लहान असेल. तोंडात आलंच होतं. मग त्याने विचारलं, आच मोठीच ठेवायची ना? त्याच्या बोटांना भाजल्याचे डाग होते. चार बोटांना.

म्हटलं, तुमचं काही चुकत नाही. कागद चुकीचा आहे.

त्याला समजलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. मला येत नाही. मी केलेलं कोणी खाल्लं नाही. हे करतात.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ही पण. सासरे जमिनीकडे बघत होते.

मग ड्रायव्हरने आपली खुर्ची सासऱ्यांच्या अगदी तोंडाजवळ ओढली, कारण आवाज फुटत नव्हता. सासऱ्यांनी त्याचं पेन घेतलं आणि बाईंच्या रिकाम्या ग्लासात फिरवून दाखवलं. गोल. आडवं. गोल. मग पेन त्याच्या हातात दिलं आणि त्याचं मनगट धरून फिरवायला लावलं. वीस मिनिटं. बाहेर पेशंटची रांग लागली, बाईंनी कोणाला आत घेतलं नाही.

मी कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या मशीनजवळ उभा होतो. जाताना ड्रायव्हरने कागद परत दिला. फाडायला गेलो. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. खिशात मावत पण नाही. घरापर्यंत हातात धरून आलो.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.३०

सासऱ्यांना म्हटलं, मला शिकवा.

ते स्टुलावर बसलेच होते. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, आमच्या दुकानात नवा माणूस आला की पहिला महिना त्याने खळीचं भांडंच घासायचं. चमच्याला हात लावायचा नाही. बुडाला कालचा कण राहिला तर आजची खळ नासते.

म्हटलं, मी स्टोअर इन-चार्ज आहे.

म्हणाले, हो ना.

पातेलं माझ्या हातात दिलं.

७.१०

घासलं. दाखवलं. त्यांनी आतून बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. म्हणाले, पुन्हा.